म्हसळ्याला चुकीच्या गाडीत बसलेली गोधडी

या ब्लॉगवर मी एरवी चिंध्यांचंच लिहिते. कोणत्या साडीची गोधडी मऊ होते, कापडी हत्तीच्या पोटात कापूस भरावा की कातरण, असलं. फिरणं हा माझा प्रांत नाही. एक तर खर्च होतो, आणि परत आल्यावर धुणं दुप्पट होऊन समोर बसतं ते वेगळंच. पण या वेळी गोधडीनेच मला दिवेआगरला नेलं. नेलं म्हणजे, ती आमच्या पुढे निघून गेली आणि आम्ही मागून पोचलो. ज्यांना पेणहून एसटीने दिवेआगर-श्रीवर्धन करायचंय आणि खिशाला भोक पाडून घ्यायचं नाही, त्यांनी हे वाचावं. ज्यांच्या घरात कुणी रुसून बसलेलं आहे, त्यांनी तर नक्की वाचावं.

आमच्या निलेशला मुलगी झाली. मी आजी झाले म्हटल्यावर गोधडी आलीच. आमच्याकडे तान्ह्या बाळाच्या गोधडीला नवं कापड लावत नाहीत. घरातल्या प्रत्येकाच्या वापरलेल्या कपड्याचा एकेक तुकडा घ्यायचा. अंगावरून उतरलेला, घामाने आणि धुण्याने मऊ झालेला. त्यातून माणसांची माया बाळाला लागते म्हणतात. लागत असेल. शिवाय फुकट पडतं. आणि शेवटचा कोपरा बंद करण्याआधी आत चिमूटभर तांदूळ घालायचे. त्याला गोधडीला घास भरवणं म्हणतात. गोधडी उपाशी राहिली तर पांघरणारं उपाशी राहतं अशी समजूत. सासूबाईंनी शिकवलं, मी कारण विचारलं नाही. चिमूटभर तांदळासाठी देवाशी वाद कोण घालणार?

तर सुनेचा गाऊन, निलेशचा शाळेतला शर्ट, माझं पातळ, आणि आमच्या ह्यांचा ट्रकवरचा खाकी शर्ट, जो कात्रीला दाद देत नव्हता, असं सगळं जुळलं. चारी बाजूंनी धावदोरा घालत मी मध्यापर्यंत आले आणि थांबले. मधला चौकोन आत्याचा असतो, कारण बाळाचं नाव आत्या ठेवते. निलेशला बहीण नाही. म्हणजे हा मान त्याच्या आत्याचा, माझ्या नणंदेचा, दिवेआगरच्या कमलआक्काचा. आणि कमलआक्का आमच्याशी बोलत नव्हती.

कारण सांगते. निलेशच्या लग्नात हे आमंत्रणाला स्वतः गेले नाहीत. नारळ नाही, अक्षता नाही. मोबाइलवर पत्रिका पाठवली आणि तिच्याखाली घराचं लोकेशन. मांडव दारातच होता ना. आक्काने मग गोतावळ्यात फोन फिरवला. "दाम्याने मला माझ्या बापाच्या घराचं लोकेशन पाठवलंय. त्या अंगणात मी चालायला शिकले. आता मला बाण बघत जायला लागंल काय?"

लग्नाला ती आली नाही. त्यानंतर दोन भाऊबीजा कोरड्या गेल्या. ह्यांना विचारलं तर म्हणायचे, "मला काय फरक पडतो?" पण त्या दिवशी सकाळपासून शेजाऱ्याच्या टेम्पोचं बोनेट उघडून त्यात डोकं घालून बसायचे. टेम्पोला काही झालेलं नसायचं.

बारसं जवळ आलं. गोधडीच्या मध्ये भोक तसंच.

"फोन करा," मी म्हटलं.

"उचलत नाही."

"मग जाऊ."

"गाडी करू का?"

"गाडी कशाला? एसटीत मला अर्धं तिकीट आहे."

"आणि मला?"

"तुम्हाला पूर्ण. लोकेशन तुम्ही पाठवलंत."

मंगळवारी सकाळी निघालो. पेण ते माणगाव एक गाडी, माणगाव ते म्हसळा दुसरी, म्हसळा ते दिवेआगर तिसरी. थेट गाडीही असते, पण तिची वेळ ह्यांच्या आंघोळीशी जुळत नाही. निघताना देवापुढे नारळ ठेवला आणि गणपतीला सांगितलं की हा आगाऊ नाही, आक्का बारशाला आली तरच फोडणार. देवावर श्रद्धा पूर्ण आहे, पण काम होण्याआधी पैसे मी गवंड्यालाही देत नाही.

सामान थोडकं. एक पिशवी कपड्यांची. आणि एका जुन्या चादरीत बांधलेलं गाठोडं, त्यात गोधडी, सुई-दोरा, आणि बाळासाठी केलेली खेळणी: एक पोपट, एक बैल, एक हत्ती. हत्तीची सोंड गाठोड्यात मावेना म्हणून बाहेर लोंबत होती. त्याला लोक डुक्कर म्हणतात, त्याकडे मी लक्ष देत नाही.

माणगावपर्यंतच्या रस्त्याबद्दल विचाराल तर तोही गोधडीच आहे, ठिगळावर ठिगळ. फरक इतकाच की माझी कधी तरी पुरी होते. खिडकीजवळ बसून मी कडेचा दोरा घालत होते आणि खड्डा आला की टाका लांब जात होता. शेजारी हे ड्रायव्हरचे दोष काढत होते. आयुष्यभर ट्रक चालवलेल्या माणसाबरोबर एसटीत बसणं म्हणजे स्वयंपाक्याबरोबर लग्नाला जेवायला जाणं. "तिसऱ्यात टाकायला हवी होती," "आता ब्रेक कशाला," असं चालूच. ड्रायव्हरने आरशातून दोनदा पाहिलं. मी मान खाली घालून शिवत राहिले.

म्हसळ्याला उतरलो आणि जे व्हायचं ते झालं. स्टँडवर एक गाडी लागत होती आणि अख्खा बाजार तिच्या अंगावर धावला. आपल्याकडे सीट धरायची रीत तुम्हाला ठाऊक आहेच. खिडकीतून रुमाल टाकायचा, टोपी टाकायची, छत्री टाकायची. पडलेली वस्तू ज्याची, सीट त्याची. कायद्यात नसेल, पण कायद्यापेक्षा जास्त पाळलं जातं.

"दे ते गाठोडं," हे म्हणाले.

"पाटी वाचलीत का?"

"एवढी माणसं धावतायत ती काय येडी आहेत?" आणि गाठोडं खिडकीतून आत गेलं. सोंड शेवटी गेली. ह्यांनी हात झटकले. "सीट पक्की. आता निवांत चहा घेऊ."

म्हसळा स्टँडसमोरचा चहा चांगला आहे, आल्याचा. वडापावही गरम होता. ही माहिती तुमच्या उपयोगाची आहे, म्हणून लिहिते. आम्हाला ती फार महाग पडली. चहा अर्धा झाला तेवढ्यात ती गाडी निघाली. हे बशी हातात धरून कौतुकाने बघत होते. "बघ, रिव्हर्स कसा काढला. ह्याला म्हणतात ड्रायव्हर." गाडी वळली, धूर सोडला आणि गेली. मग दुसरी गाडी लागली, तिच्यावर ठळक अक्षरांत दिवेआगर. आत चार-पाच माणसं. आम्ही चढलो. हे एकेका सीटखाली वाकून बघत मागपर्यंत गेले आणि परत आले.

"आपलं गाठोडं कुठाय?"

कंडक्टर तिकिटं मोजत होता. मान वर न करता म्हणाला, "काका, ती श्रीवर्धनची होती."

मी तिकिटाचे पैसे काढले. बोलायला लागले असते तर दिवेआगरपर्यंत पुरलं असतं. कंडक्टर बिचारा भला, त्याने श्रीवर्धन डेपोत फोन लावून दिला. तिकडून उत्तर आलं, गाडी पोचली की बघतो, संध्याकाळी विचारा. हे खिडकीबाहेर बघत बसले. मध्येच हळू आवाजात म्हणाले, "आक्काला सांगू नको."

"मग काय सांगू? गोधडीसाठी तुकडा द्या, आणि गोधडी द्या म्हणू नका?"

दिवेआगरला आक्काची सुपारीची वाडी आहे. वादळात निम्मी आडवी झाली होती, नवी लावलेली आता डोक्याच्या वर गेलीत. वाडीच्या तोंडाशी पर्यटकांसाठी तीन खोल्या. आम्ही फाटकाशी पोचलो तेव्हा आक्का खराट्याने अंगण झाडत होती. तिने मला पाहिलं, ह्यांना पाहिलं, आणि खराटा तसाच चालू ठेवला.

"ये गो सुनंदे. संगं कोण आणलंस?"

"हे आहेत."

"हे म्हंजे कोण? लोकेशन पाठवलं असतंस तर वळखलं असतं."

आक्काचे यजमान, आम्ही त्यांना दाजी म्हणतो, झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत होते. ते हसले आणि पुन्हा कातरायला लागले. दाजी कोणत्याही भांडणात इतकंच काम करतात, आणि तेही वेळेवर.

आम्हाला घरात नेलं नाही. पर्यटकांची पहिली खोली उघडून दिली, आणि हातात जेवणाचा छापील तक्ता. "पाहुणे म्हणून आलाव, तर पाहुण्यांसारखं ऱ्हावा. सुरमई थाळी हाय, पापलेट थाळी हाय. मोदक आधी सांगायला लागतात." थाळीचे दर वाचून माझा उपास आणखी कडक झाला. मंगळवार होताच. ह्यांनी सुरमई सांगितली. आक्का थेट त्यांच्याशी बोलायची नाही, माझ्यामार्फत बोलायची. हे माझ्यापासून हातभर अंतरावर जेवत होते.

"सुनंदे, इचार त्याला, सोलकढी हवी काय?"

"द्या म्हणतायत."

"इचार, भात वाढू काय?"

"वाढा म्हणतायत."

माझ्या ताटात साबुदाण्याची खिचडी आणि शेजारी तळलेली सुरमई. सुरमईचा वास घेण्याने उपास मोडत नाही, असं मी माझ्यापुरतं ठरवून घेतलंय.

जेवणानंतर विचारणं भाग होतं. मी आक्काला म्हटलं की नातीची गोधडी केलीय, मधला चौकोन तुमचा आहे, तुमच्या अंगावरच्या एखाद्या जुन्या लुगड्याचा तुकडा हवाय. ती लगेच म्हणाली, "दाखव गोधडी."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे भिंतीवरच्या पालीकडे बघायला लागले.

"गोधडी श्रीवर्धनला गेलीय," मी म्हटलं.

"कुणासंगं?"

"एकटीच."

मग सगळं सांगावं लागलं. खिडकी, पाटी, चहा, रिव्हर्सचं कौतुक. आक्का ऐकत होती. तिचे ओठ घट्ट मिटत गेले. मला वाटलं, आता उरलंसुरलंही संपलं. ती सरळ ह्यांच्याकडे वळली.

"गाढवा," ती म्हणाली. "पोरीची गोधडी भिरकावलीस? रुमाल न्हवता खिशात?"

झोपाळा थांबला. दाजींनी अडकित्ता खाली ठेवला. निलेशच्या लग्नापासून भावाशी बोललेला तिचा हा पहिला शब्द होता.

"रुमाल खराब होता," हे म्हणाले.

"तुझी आक्कल खराब हाय." पण एवढं बोलून झाल्यावर ती जाग्यावर आली आणि पुन्हा माझ्याकडे तोंड करून बसली, जणू मधलं काही घडलंच नाही. तेवढ्यात मी डेपोत फोन लावला. पलीकडचे साहेब म्हणाले, "हो, गाठोडं जमा आहे. आत गोधडी, एक बैल आणि एक डुक्कर. बरोबर ना?" मी म्हटलं हत्ती आहे. ते म्हणाले, "मावशी, उद्या येऊन ओळख पटवा."

आक्काने कपाट उघडलं. जुनं तिच्याकडे काही राहिलेलं नव्हतं. वादळात छप्पर गेलं तेव्हा ट्रंका भिजून कपडे कुजले होते, नंतर घेतलेलं सगळं सिंथेटिक. ते गोधडीला चालत नाही, घाम धरत नाही आणि टाका धरत नाही. खालच्या खणातून तिने एक साडी काढली. हिरवी सुती, विटकरी काठाची. घडीही मोडलेली नव्हती, दुकानातला कागद तसाच.

मी ओळखली. निलेशच्या लग्नाआधीच्या भाऊबीजेला ह्यांनीच दिलेली. पेणच्या बाजारातून मीच आणली होती आणि भाव पाडून घेतला होता.

"ही घे. काप," आक्का म्हणाली. "मला न्हाय लागत."

माझा हात पुढे गेला आणि मागे आला. "आक्का, ही चालणार नाही."

"का? भावाने दिलेली हाय म्हणून?"

"नवी आहे म्हणून. एकदाही नेसलेली नाही. बाळाच्या गोधडीला कोरं कापड लावत नाहीत, तुम्हालाच सासूबाईंनी शिकवलंय."

आक्का साडी परत खणात ठेवायला वळली. हे उठून वाडीत निघून गेले. खिडकीतून दिसत होते, एका सुपारीच्या झाडाला हात लावून उभे, झाडाचं बोनेट उघडता येत नाही म्हणून नुसतेच. मी मनात हिशेब मांडला: दोघांचं जाणं-येणं, खोली, सुरमई, श्रीवर्धनला पडलेली गोधडी, आणि मिळकत एक "गाढवा". जमेची बाजू फार बारीक होती.

बुधवारी सकाळी लवकर गणपतीच्या देवळात जाऊन आले. दिवेआगरला गेलात तर सकाळीच जा, गर्दी नसते आणि बाहेरचे फुलवाले भावाला ऐकतात. देवाला नारळाची आठवण करून दिली. म्हटलं, घरचा तसाच ठेवलेला आहे, विसरलास का?

परत आले तर अंगणात आक्का उभी होती. हिरवी साडी नेसून. घड्यांच्या रेघा इतक्या कडक होत्या की साडीने तिलाच दुमडून ठेवल्यासारखं वाटत होतं. हे तोंडात ब्रश घेऊन बाहेर आले आणि तसेच थांबले.

आक्का कुणाकडेही न बघता म्हणाली, "नेसली न्हाय. जुनी करतेय. चला श्रीवर्धनला, तुम्हा दोघांना गाड्या वळखता येत न्हाईत."

दिवेआगर ते श्रीवर्धन जाताना शेखाडीवरून समुद्राच्या कडेने जा. रस्ता अरुंद आहे, पण एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला पाणी, आणि मध्ये आपण, असा सगळा प्रवास. आम्ही मिनीडोर, म्हणजे इकडची मोठी रिक्षा, केली. आक्का ड्रायव्हरशी भाव करत होती, मी तिच्या मदतीला गेले, आणि दोघींनी मिळून त्याला इतकं खाली आणलं की शेवटी तो म्हणाला, "मावशी, मीच तुम्हाला पैसे देतो, बसा." नणंद-भावजय इतक्या दिवसांनी एका बाजूने बोललो, तेही एका परक्या माणसाविरुद्ध. कुणाशी जुळवायचं असेल तर बरोबर भाव करायला जावं, असं माझं मत झालं आहे.

शेखाडीला चहा घ्यायला थांबलो. आक्काला कप देताना ह्यांचा हात हलला आणि चहा साडीवर सांडला. मुद्दाम की चुकून, मी अजून विचारलेलं नाही. आक्काने डागाकडे पाहिलं.

"आणखी सांड. लवकर जुनी होईल."

ह्यांनी खरंच कपातला उरलेला थेंब सांडला. मग दोघंही समुद्राकडे बघत राहिली. ड्रायव्हरने मला हळूच विचारलं, "काकी, यांचं डोकं ठीक आहे ना?" मी म्हटलं, भाऊ-बहीण आहेत.

श्रीवर्धन डेपोत चौकशीच्या खिडकीमागे एक साहेब बसले होते. बसले होते म्हणजे माझ्या गोधडीवर बसले होते. आम्हाला बघून उठले, घडी झटकली. "रागावू नका मावशी. मूळव्याधीचा त्रास आहे. कालपासून जरा बरं वाटतंय. ऑर्डर घेता का?"

आक्काने पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते.

साहेबांनी ओळख पटवायला विचारलं, आत काय काय होतं. मी सांगितलं, पोपट, बैल, हत्ती.

"पोपट नाही," ते म्हणाले. "गाडीत एक पोर बोंबलत होतं, कंडक्टरने त्याला दिला. लगेच गप्प झालं. आणि हत्ती नाही, डुक्कर आहे."

हत्तीची सोंड धरून मी त्यांच्या नाकासमोर हलवली. "डुकराला ही असते?"

"मला वाटलं शेपूट पुढे लागलीय," साहेब म्हणाले. मी सही केली. कॉलमात "हत्ती" असं स्वच्छ अक्षरात लिहिलं.

तिथून किनाऱ्यावर गेलो. आक्काने सांगितलं की साडीला खारं पाणी लागलं की कापड लवकर मोडतं, आणि सरळ गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिली. हे पँट दुमडून तिच्या मागे. माझ्याकडे चपला, गाठोडं आणि सोंड. दुरून त्यांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. एकदा आक्काने ह्यांच्या पाठीत धपाटा घातलेला दिसला, तेवढाच. जेवण मात्र बाहेर केलं नाही. आक्काने घरून पोळ्या आणल्या होत्या, त्याही मोजून.

दुपारी परतल्यावर साडी धुतली, वाडीत दोरीवर वाळत घातली. वारा होता, लवकर वाळली. घड्यांच्या रेघा गेल्या होत्या, चहाचा डाग राहिला होता. आक्काने ती हातात चुरगळून बघितली. "झाली बरी. काप."

आतला, निऱ्यांखाली जाणारा शेव असतो ना, तिथून मी चौकोन काढला. नेसल्यावर दिसणार नाही. चांगली साडी कापायची म्हणून दोनदा मापून घेतलं आणि कात्री सरळ चालवली. आक्का गोधडी मांडीवर घेऊन बसली आणि चष्मा लावून माझे टाके तपासायला लागली.

"हा टाका कुठं घातलास गो? नागोठण्याला सुरू झाला नि कोलाडला संपला."

"खड्ड्यात होता."

"दिसतोय खड्डा." तिने तीन ओळी उसवल्या, बारीक टाक्यांनी पुन्हा घातल्या, मग मधोमध हिरवा चौकोन बसवला. शेवटचा कोपरा उघडा राहिला. "घासाला तांदूळ आण सैपाकघरातून," ती मला म्हणाली.

मी उठणार तेवढ्यात हे पुढे आले. त्यांच्या हातात नारळ होता आणि कागदाची पुडी. सकाळी श्रीवर्धनच्या बाजारात आम्ही कोकम घेत होतो तेव्हा त्यांनी घेतलं होतं. पुडीत कुंकवात भिजवलेले तांदूळ. अक्षता. माणूस आमंत्रण द्यायला कसा उभा राहतो ते त्यांना आठवत नसावं, म्हणून टोलनाक्यावर कागद दाखवायला उभं राहावं तसे उभे राहिले.

"आक्का," ते म्हणाले, "पोरीचं नाव ठेवायला ये."

आक्काने नारळ घेतला, खाली ठेवला. अक्षता तळहातावर घेतल्या. ती त्यांच्याकडे इतका वेळ बघत राहिली की दाजींनी पुन्हा अडकित्ता थांबवला. मग तिने मूठ गोधडीच्या उघड्या कोपऱ्यात नेली, तांदूळ आत सोडले आणि सुई घातली. बारीक, घट्ट टाके. दोरा दातांनी तोडला.

"घे. आमंत्रण आत शिवलं. आता मागं घ्यायचं म्हटलंस तरी उसवायला लागंल."

"म्हणजे येणार ना?" ह्यांनी विचारलं.

"बघू. वाडीत काम हाय."

कोकणात "बघू" म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसालाही कळत नाही.

गुरुवारी निघताना आक्काने खोलीचं बिल दिलं. त्यावर रक्कम नव्हती, फक्त खाली लिहिलं होतं, "सुरमई दाम्याकडून येणे." परतीला आम्ही दिघीवरून गेलो. दिघीहून फेरीबोटीने आगरदांड्याला उतरायचं, मग मुरूड, काशीद, अलिबाग करत पेण. लांबचं पडतं, पण बोटीत गाड्यासुद्धा चढतात आणि ते बघायला वेगळे पैसे लागत नाहीत. बोटीत ट्रकवाल्याने ट्रक कसा मागे घेतला यावर हे चकार शब्द बोलले नाहीत. काशीदला पांढरी वाळू आणि शहरी भाव दोन्ही आहेत. नारळपाण्याचा दर ऐकून मी घरून आणलेली पाण्याची बाटली काढली आणि सुरूच्या सावलीत बसून समुद्र बघितला, तो फुकट होता. गाठोडं पूर्ण वाटभर ह्यांच्या मांडीवर. मुरूडला गर्दी होती, सीट धरायची वेळ आली, तर त्यांनी खिडकीतून स्वतःची चप्पल टाकली.

बारशाच्या दिवशी सकाळपासून फोन नाही. हे सकाळच्या पहिल्या गाडीला पेण स्टँडवर गेले, मग दुसरीला, मग घरी येऊन म्हणाले की मी नुसता पेपर आणायला गेलो होतो. पेपर आमच्या दारात येतो. पाळणा सजवून झाला. सुनेची आई मला विचारायला लागली की नाव मग कोण ठेवणार, वेळ होतेय. मी देवघरात जाऊन नारळाकडे बघितलं आणि देवाला म्हटलं, तुझी मर्जी, पण हा चटणीला जाईल हां.

तेवढ्यात अंगणातून आवाज आला. "रस्ता कुणाला इचारायला लागला न्हाय बरं का."

हिरवी साडी, चहाच्या डागासकट. मागे दाजी, हातात सुपाऱ्यांची पिशवी. हे पुढे गेले आणि पाया पडायला वाकले, तर तिने त्यांना वरच्या वर धरलं आणि म्हणाली, "आधी पोर दाखव, मग नाटकं कर."

आक्काने बाळाच्या कानात नाव सांगितलं. रेवा. बायकांनी पाळणा म्हटला, घुगऱ्या वाटल्या. नारळ फोडला, गोड निघाला. हिशेब पूर्ण.

आता घरी बसून लिहिताना विचार करते की या प्रवासाचं काय उरलं. वहीत सगळा खर्च आहे आणि तो गाडी केली असती त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे, हे मी ह्यांना रोज एकदा सांगते. हत्ती पाळण्यावर टांगलाय, रेवा त्याच्याकडे बघून हसते, म्हणजे तिला तरी तो हत्ती वाटत असावा. पोपट कुणाच्या तरी पोराच्या तोंडात असेल. कोपऱ्यातले तांदूळ हाताला लागतात. रेवाची मूठ झोपेत नेमकी तिथेच जाते.

पण मला आठवते ती बारशाची संध्याकाळ. पाहुणे पांगले होते. आक्काने रेवाला गोधडीवर निजवलं आणि कौतुकाने बघत बसली. रेवाने अंग ताणलं, तोंड वाकडं केलं, आणि बरोबर मधल्या हिरव्या चौकोनावर शू सोडून दिली. सून धावत कापड आणायला निघाली. हे ओशाळले, जणू त्यांनीच केलं.

आक्काने हाताने सुनेला थांबवलं. वाकून ओल्या चौकोनावर बोट फिरवलं.

"ऱ्हाव दे," ती म्हणाली. "आता झाली जुनी."